झाड विकण्यापूर्वी

सोलापूर, बार्शी, पंढरपूर, अकलूज, करमाळा या भागांतील आपल्या समाजाच्या अनेक व्यापारी घरांकडे पेढीच्या जोडीला वडिलोपार्जित शेतजमीन आहे. जमीन बहुधा वाट्याने दिलेली असते आणि मालक सुगीच्या सुमारास दोन-चार वेळा तेथे जाऊन येतो. ज्वारीचा उतारा, तुरीचा भाव, विहिरीचे पाणी, मोटारीचे वीजबिल हे सारे त्याला तोंडपाठ असते. मात्र बांधावर चिंचा किती, कडुनिंब किती, ओढ्याकाठी बाभळी किती असे विचारले, तर उत्तर येते, "असतील पंधरा-वीस." दुकानातील पोती रोज सायंकाळी मोजणारा मनुष्य पन्नास-साठ वर्षे उभ्या असलेल्या मालाची मोजदाद एकदाही करीत नाही. या मालाची गणना मालमत्तेत करायची असते, हेच त्याच्या मनात आलेले नसते.

मग एके दिवशी वाटेकऱ्याचा दूरध्वनी येतो. गावात लाकडाचा गुत्तेदार आला आहे, बांधावरच्या झाडांनी पिकाला सावली पडते, सगळी मिळून इतके इतके द्यायला तयार आहे, पाठवू का? अडतीवर गर्दी असते. मालक "द्या" म्हणतो. आठवड्याभराने रक्कम येते आणि पुढच्या सुगीला शेतावर गेल्यावर कळते, की पाच झाडांचा विषय होता आणि बांध सारा उघडा पडला आहे.

बँकेच्या शेतीकर्ज विभागात असताना तारण जमिनींच्या पाहणीसाठी मी जिल्ह्यातील बहुतेक तालुके फिरलो. असे उघडे बांध मी पुष्कळ पाहिले. प्रत्येक ठिकाणी मालक फसवला गेला होता असे नव्हे. बहुतेक ठिकाणी मालकाने स्वतःच पाहायचे टाळलेले होते. आपल्या घरांत यामागे आणखी एक कारण असते, आणि त्याविषयी मोकळेपणाने लिहिणे मला आवश्यक वाटते. श्रावकाने वर्ज्य करावयाच्या पंधरा कर्मादानांत अंगारकर्म आणि वनकर्म ही दोन्ही येतात. कोळसा पाडून विकणे आणि वन तोडून विकणे यांवर उपजीविका करू नये, असा त्यांचा आशय. त्यामुळे झाडावर कुऱ्हाड घालण्याचा विषय घरात निघाला, की वडीलधारी मंडळी अस्वस्थ होतात आणि तो शक्य तितक्या लवकर दुसऱ्याच्या हवाली करून मोकळी होतात. बांधावरचे एखादे वठलेले झाड विकणे हे वनकर्मात मोडते किंवा नाही, हे सांगण्याचा माझा अधिकार नाही. ते मुनिमहाराजांना अथवा महाराजसाहेबांना विचारावे. हिशेबाच्या बाजूने मात्र एवढे निश्चित सांगता येते, की तोंड फिरवल्याने झाडे वाचत नाहीत. जेथे मालक स्वतः उभा राहून "हे, हे आणि हे" असे बोटाने दाखवतो, तेथे तीन झाडे जातात. जेथे तो दूरध्वनीवर होकार देतो, तेथे तीस जातात.

कायदा काय म्हणतो

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २५ नुसार धारण केलेल्या जमिनीवरील झाडांचा हक्क सर्वसाधारणपणे धारकाकडे असतो. झाड आपले, हे खरे. परंतु आपले असले म्हणून केव्हाही तोडता येते असे नाही. खाजगी जमिनीवरील ठराविक जातींच्या तोडीवर महाराष्ट्र झाडे तोडण्याबाबत विनियमन अधिनियम, १९६४ चे नियंत्रण आहे. त्याच्या अनुसूचीत साग, चंदन, खैर, बिजा, ऐन, किंजळ, अंजन, हळदू, तिवस, हिरडा, मोह, आंबा, फणस, चिंच, जांभूळ आणि खारफुटी यांचा समावेश आहे. यांतील निम्मी नावे कोकणातली किंवा विदर्भातली. सोलापूरच्या शेतकऱ्याने हळदू क्वचितच पाहिला असेल. पण चिंच, आंबा, जांभूळ आणि अलीकडे हौसेने लावलेले साग व चंदन आपल्याही बांधावर आहेत. चिंच तोडायला परवानगी लागते, हे मी ज्यांना ज्यांना सांगितले, त्यांतील बहुतेकांना आश्चर्य वाटले. "चिंच काय साग आहे का?" असा प्रश्न येतो. अनुसूचीत दोन्ही एकाच रांगेत आहेत.

परवानगी वृक्ष अधिकाऱ्याकडे मागावी लागते. आपल्या तालुक्यात हे काम कोणत्या कार्यालयात चालते, ते तहसील किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारल्यास तत्काळ कळते. अर्जासोबत सातबारा, आठ-अ, गटाचा नकाशा आणि झाडांची यादी द्यावी लागते. झाड वाळलेले, रोगट किंवा वादळात उन्मळलेले असेल, माणसांना अथवा घराला धोका होत असेल, किंवा ते पूर्ण वाढून पक्व झालेले असेल, तर परवानगी मिळण्यास सहसा अडचण येत नाही. तोडलेल्याच्या जागी नवे झाड लावण्याची अट घातली जाते. सागासारख्या मौल्यवान लाकडाच्या बाबतीत वनखात्याकडून जमिनीच्या हद्दीची खात्री, झाडांची गणना व मोजणी, लाकडावर हातोड्याचा शिक्का असा सविस्तर क्रम असतो. वनखात्याच्या भाषेत याला 'मालकी प्रकरण' म्हणतात. त्याला महिने लागू शकतात. मुलीच्या लग्नासाठी वैशाखात पैसे हवेत म्हणून फाल्गुनात अर्ज करणाऱ्याने ते पैसे हाती येतील असे धरून चालू नये.

तोडीची परवानगी आणि वाहतुकीचा परवाना या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. लाकूड शेतातून रस्त्यावर आले, की भारतीय वन अधिनियम, १९२७ आणि त्याखालील राज्याच्या नियमांप्रमाणे वाहतूक परवाना लागतो. काही जातींना त्यातून सूट आहे, पण सुटीची यादी शासन वेळोवेळी बदलते, म्हणून ट्रक भरण्यापूर्वी त्या दिवशीची यादी वनपरिक्षेत्र कार्यालयातून पाहून घ्यावी. डिसेंबर २०२३ पासून देशभरासाठी ऑनलाइन वाहतूक परवान्याची एक पद्धतही केंद्र सरकारने सुरू केली आहे. बांबूबाबत एक दिलासा आहे. २०१७ मध्ये केंद्राने वन अधिनियमातील 'झाड' या शब्दाच्या व्याख्येतून बांबू वगळला. आपल्या शेतातील बांबू कापण्या-नेण्यातील जुनी कटकट त्यामुळे पुष्कळ कमी झाली.

शहरातील बंगल्याच्या आवारातील झाडांचे प्रकरण वेगळे आहे. तेथे १९७५ चा नागरी क्षेत्रातील वृक्षसंरक्षणाचा कायदा लागतो, अनुसूचीचा प्रश्नच येत नाही. कडुनिंब असो वा गुलमोहर, महानगरपालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरील झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा देऊन त्यांच्याविषयीचे नियम अधिक कडक केले आहेत.

हा सारा व्याप इंग्रजांनी किंवा दिल्लीने लादला, असे काहींना वाटते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे अठराव्या शतकाच्या आरंभी, आरमारासाठी लाकूड हवे असले तरी रयतेची आंबा-फणसासारखी झाडे तोडू नयेत, कारण ती लेकराप्रमाणे वर्षानुवर्षे वाढवलेली असतात, असा विचार आला आहे. एखादे झाड अगदी जीर्ण झाले असेल, तर धन्याला राजी करून, द्रव्य देऊन मगच ते न्यावे, असेही तेथे सांगितले आहे. १९६४ च्या अनुसूचीत आंबा आणि फणस शेजारी-शेजारी पाहिले, की मला त्याची आठवण होते.

कोणते झाड, किती मोठे

आपल्या बांधावर काय उभे आहे, हे आधी निश्चित कळले पाहिजे. यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्यातले एक प्रकरण वाचकांना वर्तमानपत्रांतून ठाऊक असेल. रेल्वेमार्गासाठी संपादित झालेल्या शेतात एक जुने झाड होते. ते रक्तचंदनाचे आहे, असे धरून शेतकरी कुटुंबाने मोबदल्याची मागणी केली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाच्या आदेशाने रेल्वेने २०२५ मध्ये एक कोटी रुपये न्यायालयात जमाही केले. पुढे लाकडाची शास्त्रीय तपासणी झाली, तेव्हा ते झाड बिजासालाचे निघाले आणि त्याची किंमत काही हजारांत भरली. दोन्ही एकाच कुळातली झाडे, दोघांच्याही बुंध्यातून लालसर डिंक येतो, तेव्हा गैरसमज होणे स्वाभाविक होते. पण एक कोटी आणि काही हजार यांतील अंतर केवळ नावाचे होते. शंका असल्यास कृषी महाविद्यालयातील वनशास्त्राच्या प्राध्यापकास किंवा वनखात्यातील जाणत्या वनपालास शेतावर नेऊन दाखवणे केव्हाही स्वस्त पडते.

ओळख पटली, की झाडांची नोंद करावी. २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत बांधावरची झाडेही नोंदवता येतात. वाटेकरी पिकाची नोंद करतो आणि झाडांचा रकाना सोडून देतो. तो भरून घ्यावा. आपल्या जिल्ह्यातून नवे महामार्ग जात आहेत, जमिनी संपादित होत आहेत. २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम २९ प्रमाणे झाडांचे मूल्य तज्ज्ञांकडून स्वतंत्रपणे ठरवले जाते. जे झाड कागदावर नाही, ते तेथे होते हे नंतर सिद्ध करीत बसावे लागते.

आता मोजमापाकडे वळू. येथे वाचकांनी थोडी आकडेमोड सहन करावी. उभ्या झाडाचा घेर जमिनीपासून साडेचार फुटांवर, म्हणजे छातीच्या उंचीवर, फितीने मोजतात. तोडलेल्या ओंडक्याचा घेर मात्र मध्यावर घेतात. लाकूडबाजारात घनफूट काढण्याची रूढ रीत अशी : घेराचा चौथा भाग घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचे. समजा, ओंडक्याचा घेर ४ फूट आणि लांबी १० फूट आहे. चौथा भाग १ फूट, त्याचा वर्ग १, गुणिले १०, म्हणजे १० घनफूट. आता शाळेत शिकलेल्या दंडगोलाच्या सूत्राने त्याच ओंडक्याचे घनफळ काढा. ते येते सुमारे १२.७ घनफूट. म्हणजे बाजाराच्या रीतीत खऱ्या लाकडापैकी सुमारे साडेएकवीस टक्के मोजलेच जात नाही. यात लबाडी नाही. गोल ओंडका चिरून चौकोनी करताना वाया जाणारे लाकूड आधीच वजा करण्याची ही जुनी पद्धत आहे आणि वखारवाला पुढे विकतानाही बहुधा तीच वापरतो. परंतु एकाने घनमीटरचा भाव सांगितला आणि दुसऱ्याने घनफुटाचा, तर तुलना करताना हे ध्यानात ठेवावे. एका घनमीटरमध्ये खरे घनफूट ३५.३ असतात, चौथाई घेराच्या रीतीने तेच सुमारे २७.७ भरतात. जो मालक हा फरक न जाणता भाव ठरवतो, तो पाचवा हिस्सा सहज गमावून बसतो. त्यात पुन्हा गुत्तेदार साल वजा करतो, इंचाखालचा घेर सोडतो, फुटाखालची लांबी सोडतो. एकेक सूट क्षुल्लक दिसते.

निलगिरी, सुबाभूळ आणि जळाऊ लाकूड टनावर जाते. ओल्या लाकडाच्या वजनात पाण्याचा वाटा फार मोठा असतो. तोडल्यावर आठ दिवस माल शेतात पडू देऊन मग काट्यावर नेणाऱ्याचा हेतू ओळखावा. वजन तोडीच्या दिवशी आणि आपण निवडलेल्या वजनकाट्यावर व्हावे. रिकाम्या ट्रकचे वजनही डोळ्यांदेखत करून घ्यावे. व्यापाऱ्याच्या मुलाला हे शिकवायला नको.

चिंचेचा हिशेब

बार्शीची बाजारपेठ चिंचेसाठी प्रसिद्ध आहे आणि आपल्यापैकी अनेकांचा त्या व्यापाराशी संबंध आहे. तरीही बांधावरची चिंच विकताना फळाचा विचार कोणी करीत नाही, याचे मला नेहमी नवल वाटत आले आहे. बँकेत आम्ही मालमत्तेचे मूल्य तिच्या उत्पन्नावरून काढीत असू. तीच रीत येथे लावू. समजा, एका मोठ्या चिंचेचे फळ झाडावरच विकून, झोडणी-वेचणीचा त्रास व्यापाऱ्याने पत्करून, वर्षाला सरासरी ३,००० रुपये हाती येतात. ठेवीवर आठ टक्के व्याज मिळते असे धरले, तर ३,००० रुपये वार्षिक व्याज देणारी ठेव ३७,५०० रुपयांची असावी लागते. गुत्तेदार त्याच झाडाचे ८,००० देतो म्हणून आपण हुरळून जातो. म्हणजे साडेसदतीस हजारांची मुदतठेव आठ हजारांना मोडली. आकडे माझे गृहीत आहेत. प्रत्येकाने आपल्या झाडाचे घालून पाहावेत. फळ कमी देणाऱ्या, पोखरलेल्या, वीजतारांवर झुकलेल्या झाडाचा हिशेब उलटाही येईल. हिशेब करून तोडलेले झाड आणि न करता तोडलेले झाड यांत मला तरी मोठा फरक वाटतो.

हे लिहिताना मंदिरांच्या भिंतींवर चितारलेला लेश्यावृक्ष डोळ्यांसमोर येतो. भुकेलेले सहा वाटसरू जांभळाच्या झाडापाशी येतात. पहिल्याला झाड मुळासकट उपटायचे असते, दुसऱ्याला खोड तोडायचे, तिसऱ्याला मोठी फांदी, चौथ्याला लहान डहाळी, पाचवा पिकलेली फळेच तोडू इच्छितो आणि सहावा खाली पडलेली वेचतो. कृष्ण लेश्येपासून शुक्ल लेश्येपर्यंतचा हा क्रम आपण पाठशाळेत शिकलो, तो परिणामांच्या शुद्धीसंबंधी. शेतीशास्त्राचा पाठ म्हणून नव्हे. पण शेतावर उभे राहिल्यावर लक्षात येते, की मालकापुढे खरोखरच हे सगळे पर्याय असतात. सावलीची तक्रार असेल, तर खालच्या फांद्या छाटून चालते. सरपण हवे असेल, तर कडुनिंब व सुबाभूळ यांच्या फांद्या आलटून-पालटून काढता येतात. गर्दी झाली असेल, तर वाकडी, खुरटलेली झाडे काढून सरळ वाढणाऱ्यांना जागा देता येते. याला विरळणी म्हणतात आणि जाणते वनकर्मी नेहमी वाईट झाडे आधी काढतात. गुत्तेदार मोकळा सोडला, तर तो चांगली नेतो आणि वाईट आपल्यासाठी ठेवतो. मुळासकट उपटण्याची पाळी फार थोड्या झाडांवर येते. एक गंमत म्हणजे दृष्टान्तातले जांभूळही १९६४ च्या अनुसूचीत आहे.

तोडायचेच ठरले, तर पानगळीनंतर, हिवाळ्याच्या अखेरीपासून उन्हाळ्यापर्यंत तोडावे. पावसाळ्यात चिखलातून ट्रक-ट्रॅक्टर गेल्याने काळी जमीन दबून घट्ट होते आणि ओल्या हवेत लाकडाला बुरशी व भुंगा लवकर लागतो. शिवाय पावसाळा हा अनेक पक्ष्यांच्या विणीचा काळ. कोणताही महिना असला, तरी तोडीच्या आदल्या सायंकाळी स्वतः झाडाखाली उभे राहून घरटी, ढोली, आग्यामोहोळ पाहावे. मोहोळ असेल, तर मजुरांच्या जिवाचाही प्रश्न येतो. निलगिरी, साग, कडुनिंब यांची खोडे जमिनीलगत, स्वच्छ व किंचित तिरका काप घेऊन तोडली, तर बुंध्याला पुन्हा फुटवे येतात. त्यांतले जोमदार एक-दोन राखावेत. बांबूच्या बेटातून तीन वर्षांवरील काठ्याच काढाव्यात आणि नव्या कोंबांना हात लावू नये. पूर्वी बैलगाडीची चाके आणि औते करायला बाभळीचे लाकूड वापरीत, तेव्हा ते विहिरीत किंवा डोहात काही महिने मुरत ठेवीत; कीड लागू नये म्हणून. आता इतका धीर कोणाला आहे?

सही कोणाची आणि कशावर

शेत एका नावावर आणि हिस्से पाच, ही आपल्या घरांतील नित्याची स्थिती. वाटणीपत्रात गट क्रमांक असतात, भांडी-दागिने असतात. झाडांचा उल्लेख नसतो. धाकट्या भावाने थोरल्याला न विचारता आंबा विकला, या कारणावरून बोलणे बंद झालेली घरे मला ठाऊक आहेत. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे आणि हिंदू उत्तराधिकार कायदा जैनांना लागू आहे. तेव्हा सातबाऱ्यावर बहिणींची नावे असतील, तर त्यांचीही लेखी संमती घ्यावी. बांधावरचे झाड सामाईक असेल, तर शेजाऱ्याची सही घ्यावी. जमीन देवस्थान इनामाची किंवा भोगवटादार वर्ग दोनची असेल, तर आधी तहसील कार्यालयात चौकशी करावी. आणि जमीन बँकेकडे गहाण असेल, तर बँकेला कळवावे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ६६ प्रमाणे तारण अपुरे पडेल अशी नासधूस गहाणदाराने करू नये, असे बंधन आहे. सागाचे बन दाखवून कर्ज घेतले आणि पुढच्या पाहणीत तेथे बुंधे दिसले, तर शाखाधिकाऱ्याने काय समजावे?

याच अधिनियमात एक मजेशीर तरतूद आहे. कलम ३ प्रमाणे 'उभे लाकूड' ही स्थावर मालमत्ता नव्हे. पण झाड हे स्थावरच. मग उभे लाकूड कोणते आणि झाड कोणते? १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे शांताबाई विरुद्ध मुंबई राज्य या खटल्यात हा प्रश्न आला. एका जमीनदाराने १९४८ मध्ये २६,००० रुपयांच्या मोबदल्यात आपल्या पत्नीस जंगलातील इमारती लाकूड, जळण व बांबू तोडून नेण्याचा सुमारे बारा वर्षांचा हक्क लिहून दिला होता. दस्त नोंदणीकृत नव्हता. पुढे मध्य प्रदेशातील मालगुजारी-जमीनदारीचे हक्क १९५० च्या कायद्याने शासनाकडे गेले आणि बाईंची तोड थांबली. त्या थेट सर्वोच्च न्यायालयात गेल्या. याचिका फेटाळली गेली. न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात फरक स्पष्ट केला. जे झाड लवकरच तोडायचे आहे ते उभे लाकूड. जे वर्षानुवर्षे मातीतून पोषण घेत वाढत राहणार आहे ते स्थावर, आणि त्यावरचा हक्क देणारा दस्त नोंदवलाच पाहिजे. कराराची मुदत महिन्या-दोन महिन्यांची असेल, तर साधा लेखी करार पुरतो. कोणी "पाच वर्षे लागतील तशी तोडू" म्हणत असेल, तर नोंदणी करून घ्यावी. किंबहुना असा करार न केलेलाच बरा.

करारात झाडे रंगाने क्रमांक टाकून, प्रत्येकाची जात व घेर लिहून नमूद करावीत. 'गट क्रमांक अमुकमधील सर्व झाडे' असे कदापि लिहू नये. परवानगी कोण काढणार, फांद्या व सरपण कोणाचे, पाइपलाइन किंवा बांध मोडल्यास भरपाई किती, मजुरास अपघात झाल्यास जबाबदारी कोणाची, हे कागदावर असावे. वीजतारांजवळ तोड असेल, तर महावितरणला कळवून पुरवठा बंद करून घ्यावा. पूर्ण रक्कम पहिला ट्रक हलण्यापूर्वी यावी. इसारावर ट्रक सोडून उरलेल्या रकमेसाठी तीन वर्षे खेटे घालणारे एक वृद्ध गृहस्थ आमच्या शाखेत पासबुक भरून घ्यायला येत. रक्कम आली का, हे विचारायला आम्हालाच संकोच वाटू लागला होता.

रक्कम बँकेतूनच घ्यावी. एका व्यवहारापोटी दोन लाख किंवा अधिक रोख स्वीकारण्यास आयकर कायद्याची मनाई आहे आणि दंड तेवढ्याच रकमेचा आहे. 'शेतीचे पैसे, कर नाही' असे सरसकट धरून चालू नये. राजा बिनोयकुमार सहस रॉय यांच्या प्रकरणात १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की जमिनीची मशागत, पेरणी किंवा लागवड अशी मूळ कामे माणसाने केलेली असतील, तरच ते शेतीउत्पन्न. आपोआप उगवलेल्या बाभळींची नुसती राखण केली, तर ते शेतीउत्पन्न होत नाही. रोपांच्या पावत्या, खड्ड्यांची मजुरी, ठिबकचे बिल जपून ठेवणाऱ्याला चार्टर्ड अकाउंटंटकडे बोलायला जागा राहते.

शेवटी नव्या लागवडीविषयी. साग, महोगनी, मलबार नीम, चंदन यांच्या योजना घेऊन गोड बोलणारी मंडळी अलीकडे मार्केट यार्डातही फिरताना दिसतात. वीस वर्षांनी झाडाला वीस हजार, एकरी चारशे झाडे, म्हणजे ऐंशी लाख, असा त्यांचा गुणाकार असतो. आठ टक्के दराने वीस वर्षांनंतरच्या वीस हजारांचे आजचे मूल्य सुमारे ४,२९० रुपये भरते. तेही सर्व झाडे जगली, सरळ वाढली, चोरीला गेली नाहीत आणि घेणारा त्या दिवशी हजर राहिला तर. उत्तम सागाला बाराशे मिलिमीटर किंवा अधिक पाऊस आणि निचऱ्याची जमीन लागते; आपल्याकडे पाऊस साडेपाचशेच्या आसपास आणि माती पाणी धरून ठेवणारी काळी. ठिबकावर साग वाढतो, पण वीस वर्षांचे पाणी कोणत्या विहिरीतून येणार, याचा हिशेब माहितीपत्रकात नसतो. चंदनाचे मोल गाभ्याला असते. तो धरायला पंधरा-वीस वर्षे लागतात आणि तोवर रात्रीच्या राखणीचा खर्च चालूच राहतो. 'माल आम्हीच परत घेऊ' असे लिहून देणाऱ्याला त्याची नोंदणी किती वर्षांपूर्वीची आहे आणि त्याने आजवर कोणाचा माल परत घेतला, त्या दोन शेतकऱ्यांचे पत्ते द्या, असे विचारावे. बांधावर मात्र कडुनिंब, चिंच, आवळा, बोर लावायला कोणाच्या योजनेची गरज नाही. खड्डे वैशाखात घेऊन ठेवावेत आणि रोपे मृगाचा पाऊस झाल्यावर लावावीत; त्याच आठवड्यात ई-पीक पाहणीत त्यांची संख्या चढवून घ्यावी.